कोच छळत असेल तर काय करायचं: अमेरिकी कॉलेजात खेळणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी

टेनिस, जलतरण, ॲथलेटिक्स, गोल्फ, स्क्वॉश या खेळांच्या जोरावर पुण्या-मुंबईतून मुलं अमेरिकी कॉलेजांत जातात. न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये, कॅलिफोर्नियात वाढलेली मराठी मुलंही तिथल्या संघांतून खेळतात. त्यातल्या एखाद्याच्या वाट्याला छळणारा कोच आला की घरच्या फोनवर एकच भीती ऐकू येते: बोललो तर स्कॉलरशिप जाईल, स्कॉलरशिप गेली की व्हिसा जाईल, आणि हात हलवत परत यावं लागेल.

या भीतीवरच असला कोच तगतो. म्हणून आधी नीट पाहून घ्या, की त्याच्या हातात खरोखर काय आहे. सामन्यात कोण उतरणार, दौऱ्यावर कोण जाणार, सरावात काय करायचं हे तो ठरवतो. पुढच्या वर्षी स्कॉलरशिप चालू ठेवायची का, यावर त्याचं वजन असतं. इथे त्याची हद्द संपते. चालू वर्षाची स्कॉलरशिप फायनान्शियल एड ऑफिसच्या नियमांनी बांधलेली असते, दुखापतीनंतर कधी खेळायचं ते डॉक्टर ठरवतात, आय-20 (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडे असतो आणि मार्क प्राध्यापकांकडे. ही चार माणसं कोण, ती कुठे बसतात, हे पहिल्याच महिन्यात शोधून ठेवा. पाणी डोक्यावरून गेल्यावर शोधायला लागलात तर फार उशीर होतो.

कडक आणि छळणारा यांतला फरक

आपल्याकडे मैदानात पाऊल टाकताना मुलं कोचच्या पाया पडतात आणि तालमीत वस्तादाचा शब्द शेवटचा असतो. त्या संस्काराचं मोल आहेच. पण त्यामुळे आपली मुलं अपमानालाही शिस्त समजून बसतात, आणि 'मीच कमी पडतोय' असं वर्षभर स्वतःला समजावत राहतात. तेव्हा फरक ओळखायच्या खुणा पाठ हव्यात.

कडक कोच चुकीवर ओरडतो: 'टर्न उशिरा घेतलास, पुन्हा कर.' छळणारा माणसावर घसरतो: जाडी, रंग, उच्चार, धर्म, आई-बाप, देश. कडक कोचचा नियम कप्तानालाही लागू असतो आणि नवख्यालाही. छळणाऱ्याचे नियम रोज बदलतात, आणि एक-दोन ठरलेली मुलं सतत निशाण्यावर असतात. कडक कोचला 'डॉक्टरांनी नाही म्हटलंय' सांगितलं की विषय संपतो. छळणाऱ्याकडे तिथून तो सुरू होतो. आणखी तीन गोष्टी दिसल्या तर अजिबात थांबू नका: शिक्षा म्हणून पळायला किंवा उठाबशा काढायला लावणं, अभ्यासाचा विषय बदलायला भाग पाडणं, आणि व्हिसाचा उल्लेख धमकी म्हणून करणं. व्यायाम शिक्षा म्हणून कधीही वापरू नये, हे एनसीएएने (अमेरिकी कॉलेजांतल्या खेळांचे नियम ठरवणारी संघटना) २०१९ साली वैद्यकीय संघटनांसोबत काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे. तक्रारीत या सूचनांचा उल्लेख जरूर करा.

तास मोजायला लागा

छळ सिद्ध करणं अवघड असतं, तास सिद्ध करणं सोपं. म्हणून सुरुवात तासांपासून करा.

एनसीएएच्या कॉलेजांचे तीन गट असतात. त्यातल्या सगळ्यात वरच्या, डिव्हिजन एकमध्ये हंगाम चालू असताना सक्तीचा सराव आठवड्याला जास्तीत जास्त २० तास आणि दिवसाला ४ तास असू शकतो. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी द्यावी लागते. हंगाम नसताना मर्यादा ८ तासांवर येते. कोचसमोरचे वेट्स, कोचने बोलावलेली व्हिडिओ मीटिंग, खेळाबद्दलची टीम मीटिंग, हे सगळं यात धरलं जातं. सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी ३ तासच धरतात. प्रवास आणि ॲथलेटिक ट्रेनरकडचे (दुखापतींवर उपचार करणारा, कोच नव्हे) उपचार धरत नाहीत, त्यामुळे 'मी आठवड्याला ३५ तास खेळात घालवते' असं लिहिलंत तर कम्प्लायन्स ऑफिस (एनसीएएचे नियम पाळले जातात का ते पाहणारं कॉलेजचं कार्यालय) ते सहज खोडून काढेल. प्रवास वगळून मोजा. डिव्हिजन तीनचे नियम वेगळे आहेत, आणि स्क्वॉश तर एनसीएएच्या अखत्यारीतच येत नाही, त्याची संघटना निराळी आहे. स्क्वॉश खेळणाऱ्यांनी आपल्या कॉलेजची स्वतःची नियमावली मागून घ्यावी.

खरी पळवाट असते 'ऐच्छिक' सरावाची. एनसीएएच्या व्याख्येत सराव ऐच्छिक ठरायला चार अटी लागतात: मागणी खेळाडूकडून आलेली हवी, काय केलं ते कोचला कळवावं लागता कामा नये, कोचसाठी हजेरी घेतली जाऊ नये, आणि न आल्याबद्दल शिक्षा किंवा आल्याबद्दल बक्षीस असू नये. 'सकाळी ६ वाजता ऐच्छिक वेट्स, जे येणार नाहीत त्यांनी मला मेसेज करा' या एका मेसेजात दोन अटी मोडल्या. त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

पुष्कळ कॉलेजांत तासांचा साप्ताहिक तक्ता कोच भरतो आणि खेळाडू फोनवर 'मान्य' दाबून मोकळा होतो. पुढे तक्रार केली की हीच सही समोर ठेवतात. तक्ता चुकीचा असेल तर मान्य करू नका. करावाच लागला, तर त्याच दिवशी कम्प्लायन्स ऑफिसला दोन ओळींची ईमेल टाका: 'या आठवड्याच्या तक्त्यात १८ तास दाखवले आहेत, माझ्या नोंदीप्रमाणे २५ झाले.'

जिवावर बेतणाऱ्या गोष्टी

इथे तक्रार, पुरावा सगळं बाजूला. खालच्या खुणा दिसल्या तर सराव तिथल्या तिथे थांबवा, कोच काहीही म्हणो. स्वतःसाठी आणि शेजारी पळणाऱ्यासाठीही.

उष्माघात. पळताना तोल जाणं, तोंडातून भलतंच बोलणं, अचानक चिडचिड, कोसळणं. घाम थांबायची वाट पाहू नका, कारण व्यायामातून होणाऱ्या उष्माघातात अंग ओलंचिंब असू शकतं. आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं. एकाने ९११ ला फोन करायचा आणि बाकीच्यांनी त्याच क्षणी त्याला मानेपर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवायचं. आधी थंड करायचं, मग हलवायचं. तापमान अर्ध्या तासात साधारण ३९ अंशांखाली आणायचं असतं. मेरीलँड विद्यापीठाचा १९ वर्षांचा अमेरिकन फुटबॉल खेळाडू जॉर्डन मॅकनेअर २९ मे २०१८ रोजी ११० यार्डांच्या धावा काढताना असाच खचला. त्याला बर्फाच्या पाण्यात बसवलंच नाही. १३ जूनला तो गेला. मैदानाजवळ बर्फाचा टब कुठे आहे, हे आज ट्रेनरला विचारा. असल्या प्रश्नाचा कुणाला राग येण्याचं कारण नाही.

स्नायू फुटणं, म्हणजे ऱ्हॅब्डो. सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात 'कोण किती कणखर ते बघू' म्हणून एकाच हालचालीच्या शेकडो आवृत्त्या करून घेतल्या की हे होतं. आयोवा विद्यापीठात जानेवारी २०११ मध्ये १०० बॅक स्क्वॅट असलेल्या सरावानंतर १३ फुटबॉलपटू इस्पितळात दाखल झाले. खूण अशी: नेहमीच्या दुखण्यापलीकडची कळ, सुजलेले मांड्या-दंड, आणि कोऱ्या चहासारखी किंवा कोकसारखी लघवी. ती एक-दोन दिवसांनीही होऊ शकते. रंग दिसला की थेट इमर्जन्सी रूममध्ये जा आणि रक्तातल्या सीकेची (स्नायू फुटले की वाढणारा घटक) आणि मूत्रपिंडाची तपासणी मागा. आयबुप्रोफेन घेऊ नका, त्याने मूत्रपिंडावर आणखी ताण येतो.

सिकल सेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या अनेक कुटुंबांना हा शब्द नवा नाही. वाहक असणाऱ्याला एरवी काहीच त्रास नसतो, पण न थांबता लागोपाठ स्प्रिंट मारायला लावल्या तर रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन स्नायूंचा रक्तपुरवठा अडवतात. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातला डेल लॉइड हा वाहक असलेला खेळाडू २००६ मध्ये १०० यार्डांच्या १६ धावांनंतर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्यानंतरच एनसीएएने डिव्हिजन एकमध्ये चाचणीचा नियम आणला. घरात कुणी वाहक असेल तर लपवू नका. ट्रेनरला लेखी कळवा आणि दोन धावांमध्ये पुरेशी विश्रांती मागा. खेळायला बंदी नसते, सरावाची पद्धत तेवढी बदलावी लागते.

डोक्याला मार लागून कन्कशनचं निदान झालं, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचं नाही. हा नियम आहे. त्यात कोचच्या मर्जीचा प्रश्न येत नाही.

वजन. कुस्ती, रोइंग, जलतरण, लांब पल्ल्याची धाव या खेळांत छळ बहुतेकदा वजनकाट्यावरूनच सुरू होतो. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेतले तीन कॉलेज पैलवान वजन उतरवताना, अंगातलं पाणी घालवून मेले. त्यानंतर रबरी सूट आणि सॉना यांवर बंदी आली, आणि अंगात पुरेसं पाणी असल्याची चाचणी करूनच किमान वजन ठरवायला लागले. कोच सगळ्यांसमोर वजन करत असेल, आकडा फळ्यावर लिहीत असेल, तर ट्रेनरकडे लेखी मागणी करा: 'माझं वजन फक्त टीम डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ करतील आणि आकडा कोचला सांगितला जाणार नाही.' मुलींची पाळी सलग तीन महिने चुकली तर डॉक्टरांकडे जायचंच. 'सराव वाढला की असंच होतं' हे कोचचं नेहमीचं वाक्य धोक्याचं आहे. पोटात पुरेसं अन्न जात नाही याची ती खूण असते, आणि पुढे हाडं मोडतात.

या सगळ्यात तुमच्या बाजूने एक भक्कम नियम आहे. एनसीएएच्या कॉलेजात उपचार आणि मैदानात परतणं याबद्दल टीम डॉक्टर आणि ॲथलेटिक ट्रेनर यांचा निर्णय अंतिम असतो, कोचला तो बदलता येत नाही. त्यावर देखरेख करणारा ॲथलेटिक्स हेल्थ केअर ॲडमिनिस्ट्रेटर नावाचा एक अधिकारी प्रत्येक कॉलेजात नेमलेला असतो. ट्रेनरच कोचला घाबरून 'बघ, जमलं तर खेळ' म्हणत असेल, तर शांतपणे म्हणा: 'मी खेळायला तंदुरुस्त आहे असं माझ्या फाइलमध्ये लिहून द्याल का?' लिहायची वेळ आली की बहुतेक जण खरं बोलतात.

नोंदवही

तक्रार टिकते की हवेत विरते, हे बहुधा नोंदींवर ठरतं. 'कोच नेहमी घालून-पाडून बोलतात' या वाक्यावर कुणी काही करू शकत नाही. नोंद अशी हवी:

'मंगळवार, १४ ऑक्टोबर. दुपारी ४:२०. कोर्ट ३. दुसरा सेट हरल्यावर कोच म्हणाले, "…" (शब्द इंग्रजीत जसेच्या तसे). नंतर बेसलाइन ते नेट ४० धावा काढायला लावल्या. हजर: असिस्टंट कोच, ट्रेनर, टीममधले पाच जण. धावा संपल्यावर उलटी झाली. ५:१५ ला ट्रेनरला सांगितलं.'

घटनेच्या दिवशीच लिहा. दोन महिन्यांनी आठवून लिहिलेल्या नोंदीचं मोल निम्मं होतं. शिव्या गाळू नका, आणि स्वतःचा निष्कर्ष घालू नका. 'ते वंशद्वेषी आहेत' असं न लिहिता ते काय बोलले तेवढं लिहा. त्याच रात्री नोंद स्वतःच्या खाजगी ईमेलवर पाठवा, म्हणजे तारखेची आपोआप साक्ष राहते. कॉलेजची ईमेल आणि टीमचं ॲप यांवर विसंबू नका, कारण ग्रुपमधून काढलं की मेसेज दिसेनासे होतात.

लपून आवाज रेकॉर्ड करायचा मोह होतो. आधी राज्य पाहा. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय, मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स, फ्लोरिडा इथे खाजगी संभाषण सगळ्यांच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करणं बेकायदा आहे. न्यू यॉर्क, न्यू जर्सी, टेक्सासमध्ये संभाषणात तुम्ही स्वतः असाल तर चालतं. एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असताना विनाकारण गुन्ह्याच्या भानगडीत पडू नका. जिथे चालत नाही तिथे बैठक संपताच 'आज आपण असं असं बोललो, काही चुकलं असेल तर कळवा' अशी ईमेल कोचलाच पाठवा. रेकॉर्डिंगइतकीच ती उपयोगी पडते.

बऱ्याच वेळा पुरावा कॉलेजकडेच पडलेला असतो. मराठी वस्तीच्या एडिसनला लागून असलेल्या रटगर्स विद्यापीठाचंच उदाहरण घ्या. तिथला पुरुष बास्केटबॉलचा कोच माइक राइस सरावात खेळाडूंना ढकलायचा, चेंडू फेकून मारायचा, घाणेरड्या शिव्या द्यायचा. डिसेंबर २०१२ मध्ये त्याला तीन सामन्यांची बंदी आणि दंड, एवढ्यावर सोडलं होतं. एप्रिल २०१३ मध्ये सरावाचे व्हिडिओ टीव्हीवर दिसले आणि दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी गेली. पाठोपाठ ॲथलेटिक डायरेक्टरलाही (खेळ विभागाचा प्रमुख) जावं लागलं. ते व्हिडिओ विद्यापीठाच्या स्वतःच्या सरावाचे होते. म्हणून तक्रारीत एक ओळ न विसरता घाला: 'अमुक तारखेच्या सरावाचं चित्रीकरण पुसलं जाऊ नये, जपून ठेवावं.'

कुणाकडे जायचं

सरसकट ॲथलेटिक डायरेक्टरकडे धावू नका. कोचला नेमणारा तोच असतो.

तास, सुट्टी आणि 'ऐच्छिक' सराव हे कम्प्लायन्स ऑफिसकडे. दुखापत, वजन आणि शिक्षेचा व्यायाम हे टीम डॉक्टर आणि वर सांगितलेल्या हेल्थ केअर अधिकाऱ्याकडे. स्त्री असण्यावरून, लैंगिक स्वरूपाचं काही, तर टायटल नाइन (शिक्षणातला लिंगभेद रोखणारा कायदा) कोऑर्डिनेटरकडे. वंश, रंग, देश यांवरून असेल तर भेदभावविरोधी कार्यालयाकडे. त्यासाठी १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा आधार आहे, आणि कॉलेजने दाद दिली नाही तर केंद्रीय शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे घटनेपासून १८० दिवसांत जाता येतं. दिवस मोजत राहा, 'हंगाम संपू दे मग बघू' म्हणता म्हणता ते निघून जातात. नुसता अपमान, दमदाटी, एकटं पाडणं अशी सरळ भेदभावात न बसणारी तक्रार असेल तर फॅकल्टी ॲथलेटिक्स रिप्रेझेंटेटिव्हला भेटा. एनसीएएच्या प्रत्येक कॉलेजात हा एक प्राध्यापक असतो, आणि त्याचा पगार खेळ विभागाच्या हातात नसतो. आमच्या मते पहिली भेट याचीच घ्यावी, आणि नेमकी हीच व्यक्ती बहुतेक मुलांना ठाऊक नसते.

बोलण्याआधी समोरच्याला विचारा: 'तुम्ही हे गुप्त ठेवू शकता का, की तुम्हाला वर कळवावं लागतं?' कॉलेजच्या समुपदेशन केंद्रातला समुपदेशक सहसा गुप्तता पाळतो. प्राध्यापक, ट्रेनर, असिस्टंट कोच यांना लैंगिक छळाबद्दल ऐकलं तर बहुतेक ठिकाणी कळवावंच लागतं. खेळ विभागातच बसणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला 'कोचला काय सांगता?' हे पहिल्या भेटीतच विचारा.

निनावी तक्रारीची सोय बहुतेक कॉलेजांत असते. शंभर जणांच्या फुटबॉल संघात ती ठीक आहे. नऊ जणांच्या टेनिस संघात कुणी तक्रार केली ते कोच पाच मिनिटांत ओळखतो, तेव्हा नाव लपल्याच्या भरवशावर राहू नका. त्यापेक्षा दोघं-तिघं मिळून पुढे या. मात्र एकच पत्र लिहून सगळ्यांनी खाली सह्या करू नका. प्रत्येकाने आपल्या शब्दांत, आपण स्वतः पाहिलेलं लिहावं. एकसारखी वाक्यं दिसली की चौकशी करणाऱ्याला ती पढवलेली वाटतात.

ईमेल छोटी ठेवा, अर्थात इंग्रजीत. आशय असा: 'मी अमुक संघात दुसऱ्या वर्षाला आहे. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात घडलेल्या सहा घटना तारखांसह जोडल्या आहेत. यामुळे माझ्या तब्येतीवर आणि अभ्यासावर परिणाम होत आहे. माझी मागणी: चौकशी व्हावी, चौकशी चालू असताना कोचने मला एकट्याला बोलावू नये, आणि माझ्यावर सूड उगवला जाऊ नये. पुढची पायरी काय आणि कधीपर्यंत, हे लेखी कळवावं.' राग, विशेषणं, कोचला काढून टाकायची मागणी यांतलं काही नको.

यानंतर कॉलेज बहुधा 'कोचसोबत बसून मिटवू या' असं सुचवतं. एकट्याने जाऊ नका. सोबत कुणाला आणता येईल ते विचारा आणि त्याला न्या. चौकशीला महिने लागतात. कोचवर काय कारवाई झाली ते तुम्हाला बहुधा सांगणारही नाहीत, कारण ती नोकरीची बाब म्हणून गुप्त ठेवतात. काहीच कळलं नाही म्हणजे काहीच झालं नाही, असं समजू नका. तक्रारीनंतर अचानक दौऱ्यातून नाव गळलं, लॉकर बदललं, तर त्याचीही तारीखवार नोंद करून त्याच कार्यालयाला पाठवा. सूड उगवणं ही स्वतंत्र तक्रार असते, आणि बऱ्याचदा मूळ तक्रारीपेक्षा ती सिद्ध करणं सोपं जातं.

स्कॉलरशिप: 'सोडतो' हा शब्द तोंडातून काढू नका

एनसीएएच्या नियमाप्रमाणे स्कॉलरशिपच्या मुदतीत खराब कामगिरी, दुखापत, शारीरिक किंवा मानसिक आजार या कारणांनी पैसे कमी करता येत नाहीत. करता येतात ते मोजक्या कारणांनी: खेळाडू अपात्र ठरला, त्याने खोटी माहिती दिली, गंभीर गैरवर्तन केलं, किंवा स्वतःहून खेळ सोडला. सगळी मेख या शेवटच्या कारणात आहे. रागाच्या भरात पाठवलेला 'आय क्विट' हा मेसेज म्हणजे कोचच्या हातात आयता दिलेला कागद. छळ करून मुलांच्या तोंडून तो शब्द काढणं, हा स्कॉलरशिप मोकळी करायचा जुना मार्ग आहे. काही दिवस सरावाला जाणं शक्य नसेल तर डॉक्टर किंवा समुपदेशकाचं पत्र घ्या आणि 'वैद्यकीय कारणाने सराव थांबवत आहे, संघ सोडलेला नाही' असं लिहून कळवा. समोर ठेवलेल्या कुठल्याही कागदावर त्याच दिवशी सही करू नका. 'दोन दिवसांनी देतो' म्हणा.

पैसे कमी केले किंवा नूतनीकरण नाकारलं, तर कॉलेजने सुनावणीच्या हक्काबद्दल लेखी कळवायला हवं. सुनावणी खेळ विभागाबाहेरची समिती घेते. पत्रातली मुदत कॅलेंडरवर लिहा, ती चुकली की सगळंच चुकतं. नूतनीकरणाचा निर्णय १ जुलैपर्यंत कळायला हवा. करार एक वर्षाचा आहे की चार, दुखापतीबद्दल त्यात काय म्हटलंय, हे आजच काढून वाचा. डिव्हिजन तीन आणि आयव्ही लीगमध्ये खेळाची स्कॉलरशिपच नसते. तिथे मिळणारी मदत कौटुंबिक उत्पन्नावर किंवा डिव्हिजन तीनमध्ये अभ्यासातल्या गुणवत्तेवरही ठरते, म्हणजे पैशाची दोरी कोचच्या हातात नाहीच.

व्हिसा

एफ-1 दर्जा संघात असण्यावर अवलंबून नाही. तो टिकतो पूर्णवेळ शिकण्यावर, म्हणजे पदवीला सत्राला किमान १२ क्रेडिट, आणि खर्चाची सोय असण्यावर. कोचला आय-20 ला हात लावता येत नाही. ते काम डीएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय कार्यालयातल्या नेमलेल्या अधिकाऱ्याचं.

घोटाळा होतो तो असा: मूल मानसिकदृष्ट्या खचतं, वर्गात जाणं बंद होतं, एक कोर्स सोडतं, क्रेडिट ९ वर येतात, आणि डीएसओला पत्ताच नसतो. छळामुळे नव्हे, या एका चुकीमुळे दर्जा जातो. कोर्स सोडायच्या आधी डीएसओला भेटा. डॉक्टर किंवा परवानाधारक मानसशास्त्रज्ञाचं पत्र असेल तर वैद्यकीय कारणाने कमी क्रेडिट घ्यायची परवानगी मिळते, एका पदवी-पातळीला एकूण १२ महिन्यांपर्यंत.

स्कॉलरशिप थांबली तर खर्चाचा नवा स्रोत दाखवून आय-20 अद्ययावत करावा लागतो. कॅम्पसवर सत्रात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झालेलं असेल आणि स्वतःची चूक नसताना आर्थिक मदत बंद झाली असेल, तर गंभीर आर्थिक अडचणीच्या कारणाने कॅम्पसबाहेर काम करायची परवानगी मागता येते. डीएसओच्या शिफारशीने आय-765 अर्ज जातो. परवाना हातात येईपर्यंत बाहेर एक तासही काम करू नका, ओळखीच्या दुकानातसुद्धा नाही.

दुसऱ्या कॉलेजात जायचं असेल तर

यात तीन वेगळी कामं असतात आणि मुलं त्यांची गल्लत करतात. पहिलं, एनसीएएचं ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी. कम्प्लायन्स ऑफिसला लेखी कळवलं की डिव्हिजन एकमध्ये त्यांना दोन कामकाजी दिवसांत नाव टाकावं लागतं, कोचची परवानगी लागत नाही. पण पोर्टल खेळानुसार ठराविक काळातच उघडतं, आणि नाव टाकलं की सध्याचं कॉलेज सत्राअखेर स्कॉलरशिप थांबवू शकतं. हातात पर्याय नसताना रागाने नाव टाकू नका. दुसरं, नव्या कॉलेजचा शैक्षणिक प्रवेश. जुने क्रेडिट किती धरतील ते लेखी घ्या, नाहीतर पदवी वर्षभर लांबते. तिसरं, सेव्हिस या सरकारी यंत्रणेतली (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी) नोंद हलवणं. प्रवेशपत्र दाखवून डीएसओकडून तारीख ठरवून घ्यायची, आणि त्या तारखेपासून पाच महिन्यांच्या आत नवे वर्ग सुरू व्हायला हवेत. पोर्टलवर नाव गेलं म्हणजे व्हिसाची नोंद हलली, असं नाही.

आई-वडिलांसाठी

मूल १८ वर्षांचं झालं की अमेरिकी गोपनीयता कायद्यामुळे कॉलेज तुमच्याशी त्याच्या नोंदींबद्दल बोलत नाही. सहसा मुलाने लेखी संमती दिली तरच बोलतात, आणि ती रजिस्ट्रारकडे आधीच भरून ठेवता येते. कोचला परस्पर फोन किंवा ईमेल करू नका, त्याचा राग मुलावर निघतो. कार्यालयांशी पत्रव्यवहार मुलाच्याच नावाने होऊ द्या, तुम्ही फक्त मसुदा वाचा.

फोनवर 'सराव कसा झाला?' विचारलं की 'बरा' एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: काल किती तास झोपलास? जेवताना कोण सोबत होतं? दुखणाऱ्या गुडघ्याचं ट्रेनर काय म्हणाला? 'थोडं ॲडजस्ट कर, आम्ही एवढा खर्च केलाय' हे वाक्य मात्र कृपा करून बोलू नका. ते ऐकलं की मूल पुन्हा काही सांगत नाही, आणि मग तोंड दाबून बुक्क्यांचा मार सहन करत राहतं. जीव नकोसा झाल्यासारखं काही बोललं तर ९८८ हा क्रमांक अमेरिकेत कुठूनही, दिवसरात्र लागतो. तुम्ही भारतात असाल तर त्याच्या रूममेटचा आणि कॅम्पस पोलिसांचा नंबर आधीच लिहून ठेवा.

पुढचा संघ निवडताना

पैसे घेऊन कॉलेज मिळवून देणारा एजंट कोचबद्दल वाईट सांगणार नाही. ते स्वतः शोधता येतं, आणि त्याला एक संध्याकाळ पुरते. कॉलेजच्या क्रीडा संकेतस्थळावर मागच्या चार वर्षांचे रोस्टर (संघातल्या खेळाडूंच्या याद्या) असतात. तीन वर्षांपूर्वीच्या रोस्टरमधली पहिल्या वर्षाची मुलं एका कागदावर लिहा, आणि त्यातली किती जण आजच्या रोस्टरमध्ये चौथ्या वर्षाला आहेत ते पाहा. आठपैकी सहा उरली असतील तर ठीक. दोनच उरली असतील तर गेलेल्या सहांपैकी दोघांना इन्स्टाग्रामवर मेसेज करून एवढंच विचारा: 'तू पुन्हा तिथेच गेला असतास का?' कोचला विचारा की मागच्या वर्षी दुखापत झालेल्या खेळाडूची स्कॉलरशिप चालू राहिली का. आणि भेटीला गेलात, तर संघासोबत एक जेवण कोच आणि असिस्टंट कोच दोघेही नसताना घ्या. तशी सोय करायला कोच टाळाटाळ करू लागला, तर ते कॉलेज यादीतून काढा.